मेंदूतली द्वारका

नाशिकचा द्वारका चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मेंदूतला थॅलॅमस समजायला फार वेळ लागू नये. मुंबईकडून येणारा महामार्ग, गोदावरी ओलांडून धुळ्याकडे आणि पुढे आग्र्याकडे जाणारा त्याचाच पुढचा भाग, नाशिकरोडवरून येणारा पुण्याचा रस्ता, सारडा सर्कलकडून येणारी जुन्या नाशकातली गर्दी, काठे गल्ली आणि टाकळीकडच्या रिक्षा, असं सगळं तिथं एकत्र येतं. कोणी कोणत्या वाटेला लागायचं, कोणी आधी जायचं, कोणी थांबायचं, हे तिथं ठरतं. चौक तुंबला की रस्ते धड असूनही शहर अडतं.

आपल्या डोक्यातही असा एक चौक आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, जिभेनं चाखलेलं, कातडीला जाणवलेलं सगळं आधी तिथं येतं आणि मग मेंदूच्या वरच्या सालीकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे जातं. हा चौक म्हणजे थॅलॅमस. द्वारका या नावात 'द्वार' आहे आणि थॅलॅमसलाही डॉक्टर मंडळी कॉर्टेक्सचं दार म्हणतात.

या दाराचा शोध कसा लागला, हा इतिहास आपल्याकडे दोन प्रकारे सांगितला जातो. आपल्यातले काही जण म्हणतात की हे सगळं इब्न सीनानं हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, युरोपनं फक्त चोरलं. दुसऱ्या बाजूनं ऐकू येतं की मुसलमानांचा आणि मेंदूच्या विज्ञानाचा संबंधच काय, त्यांच्याकडे तर फिट आली की जिन उतरवतात. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. खरा इतिहास या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि तो आज उपयोगाचाही आहे. कारण घरातल्या मुलीला फिट आली तर आधी कुठं न्यायचं, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांतून अजून संपलेला नाही. त्याचं उत्तर आपल्याच जुन्या हकिमांनी देऊन ठेवलं आहे.

चौक आणि साल

इतिहासाकडे जाण्याआधी रचना समजून घेऊ.

मेंदूच्या अगदी मध्यात, दोन्ही अर्धगोलांच्या खोल आत एक अरुंद पोकळी असते. तिच्या दोन बाजूंना एकेक थॅलॅमस असतो. आकार लहान अंड्यासारखा, लांबी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर. बाहेरून तो एकसंध गोळा दिसतो, पण आत पांढऱ्या तंतूंचा एक पातळ पडदा त्याचे पुढचा, आतला आणि बाहेरचा असे भाग पाडतो. प्रत्येक भागात पेशींचे पुंजके असतात आणि बहुतेक पुंजक्यांची कामं वाटून दिलेली असतात. मागच्या टोकाला दोन छोटे उंचवटे आहेत. त्यांतला बाहेरच्या बाजूचा दृष्टीचा, आतल्या बाजूचा ऐकण्याचा. त्यांच्या पुढे, खालच्या अंगाला शरीराच्या आणि चेहऱ्याच्या स्पर्शाच्या व वेदनेच्या वाटा येतात. आणखी पुढे हालचालींचा ताल सांभाळणारे पुंजके आहेत. लहान मेंदूकडून येणारा संदेश त्यांच्यातूनच वर जातो. काही पुंजके स्मृतीशी आणि कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागाशी जोडलेले आहेत.

कॉर्टेक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ झाडाची साल. मोठ्या मेंदूवरचा हा करड्या रंगाचा थर फक्त २ ते ४ मिलिमीटर जाड असतो. तो सपाट पसरला तर एखाद्या मोठ्या रुमालाएवढा होईल. एवढा रुमाल कवटीत मावावा म्हणून त्याला घड्या पडल्या आहेत आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग या घड्यांत दडलेला आहे. माणसाच्या मेंदूत मिळून सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, त्यांतल्या जवळपास १६ अब्ज या सालीत आहेत. बहुतेक ठिकाणी सालीचे सहा थर असतात आणि थॅलॅमसकडून येणारे संवेदनांचे तंतू मुख्यतः चौथ्या थरात पोचतात. डोक्याच्या मागच्या भागात दृष्टी, कानाच्या वर ऐकणं, मधल्या मोठ्या खाचेच्या पुढे हालचाल आणि मागे स्पर्श अशी ढोबळ वाटणी आहे.

हा चौक एकेरी वाहतुकीचा मात्र नाही. थॅलॅमसकडून सालीकडे जितके तंतू जातात त्याहून कितीतरी जास्त तंतू सालीकडून थॅलॅमसकडे परत येतात. दृष्टीच्या पुंजक्यातल्या जोडण्या मोजल्या तेव्हा त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतक्याच, किंवा त्याहूनही कमी, प्रत्यक्ष डोळ्याकडून आलेल्या निघाल्या. म्हणजे आत काय सोडायचं, काय अडवायचं, हे साल स्वतःच बऱ्याच प्रमाणात दाराला सांगत असते. थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ पापुद्रा आहे, तो वाहतूक पोलिसासारखा अडवण्याचं काम करतो. गाढ झोपेत हे दार बरंचसं लोटलेलं असतं. त्यामुळं शेजारच्या खोलीतला आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही.

या चौकात न थांबणारी संवेदना एकच, ती म्हणजे वास. मुंबईहून धुळ्याला जाणारी गाडी जशी द्वारकेच्या वरून उड्डाणपुलावरून निघून जाते, तसा वासाचा संदेश थॅलॅमसमध्ये न उतरता आधी थेट सालीच्या जुन्या भागात पोचतो. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

शब्दांचा प्रवास

थॅलॅमस हा शब्द ग्रीक आहे. अर्थ आतली खोली, शयनगृह. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्यानं मेंदूतल्या पोकळीच्या एका भागासाठी तो वापरला. डोळ्यांचे तंतू या खोलीतून निघतात, असं त्याला वाटलं होतं. आज आपण ज्या गोळ्याला थॅलॅमस म्हणतो त्याच्याशी हे नाव बऱ्याच नंतर पक्कं जोडलं गेलं.

गॅलेनचं लिखाण नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आलं. हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर करणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिश्चन होता. त्याला कामाला लावणारे, पैसा पुरवणारे लोक अब्बासी दरबारातले मुसलमान होते. ज्याला आपण अभिमानानं 'इस्लामी विज्ञान' म्हणतो, ते असं अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून उभं केलेलं होतं. हे सांगितल्यानं आपला मान कमी होत नाही. ज्या समाजानं परक्या भाषेतलं, परक्या धर्माच्या माणसांचं ज्ञान आपल्या भाषेत आणण्यासाठी खजिना खुला केला, त्याचा मान उलट वाढतो.

बगदादहून हे ज्ञान पुढे युरोपात गेलं तेव्हा अरबी भाषा त्याच्या अंगावर राहून गेली. कवटीच्या आत मेंदूवर आवरणं असतात. त्यांतल्या बाहेरच्या जाड आवरणाला आज जगभरचे डॉक्टर ड्युरा माटर म्हणतात आणि मेंदूला चिकटलेल्या नाजूक आवरणाला पाया माटर. लॅटिनमध्ये माटर म्हणजे आई. मेंदूच्या आवरणाला आई का म्हणायचं? ग्रीकमध्ये तसं नव्हतं, तिथं साधा 'पडदा' होता. अरबी हकिमांनी मात्र त्याला 'उम्म', म्हणजे आई म्हटलं, कारण अरबीत एखादी गोष्ट पोटाशी धरून ठेवणाऱ्या वस्तूला आई म्हणण्याची रीत आहे. दहाव्या शतकातल्या अली इब्न अब्बास अल-मजूसी याच्या 'किताब अल-मलिकी' या ग्रंथाचं ११२७ मध्ये स्टीफन ऑफ अँटिओक यानं लॅटिन भाषांतर केलं आणि ही आई शब्दशः लॅटिनमध्ये गेली. द्वारकेच्या आसपासच्या एखाद्या रुग्णालयात न्यूरोसर्जन 'ड्युरा उघडा' म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी बगदादची अरबी असते.

ख्याल, फिकीर, वहीम

आता इब्न सीना. जन्म ९८०, मृत्यू १०३७. त्याचा 'कानून' युरोपातल्या विद्यापीठांत काही शतकं पाठ्यपुस्तक म्हणून शिकवला गेला. मेंदूबद्दल त्यानं काय लिहिलं, हे नीट पाहायला हवं.

इब्न सीनाच्या मते बाहेरच्या पाच इंद्रियांसारख्या आत मेंदूतही पाच शक्ती आहेत. पहिली 'हिस्स मुश्तरक', म्हणजे सगळ्या इंद्रियांकडून आलेलं जिथं एकत्र होतं ती सामाईक जाणीव. मूळ कल्पना ॲरिस्टॉटलची. लॅटिनमधून ती इंग्रजीत गेली आणि तिथं 'कॉमन सेन्स' झाली, अर्थ मात्र पार बदलला. दुसरी 'खयाल', म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचं चित्र धरून ठेवणारी शक्ती. तिसरी ही चित्रं जोडणारी-तोडणारी 'फिक्र'. चौथी 'वहम', म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अर्थ ताडणारी. लांडगा पाहून मेंढीला शत्रुत्व कळतं ते हिच्यामुळं. पाचवी 'हाफिजा', म्हणजे स्मरण. पहिल्या दोन मेंदूच्या पुढच्या पोकळीत, पुढच्या दोन मधल्या पोकळीत आणि स्मरण मागच्या पोकळीत.

हे शब्द मराठीला परके नाहीत. ख्याल आपण गाण्यात ऐकतो. फिकीर रोज करतो. वहीम म्हणजे संशय, हा शब्द जुन्या कोर्टकचेरीच्या मराठीत होता. कुराण मुखोद्गत असलेल्याला आपण हाफिज म्हणतो. अरबीत मेंदूला 'दिमाग' म्हणतात, मराठीनं त्याचा 'दिमाख' करून टाकला आणि त्याला मिरवण्याचा अर्थ दिला. इब्न सीनानं काढलेला मेंदूचा नकाशा असा तुकड्यातुकड्यानं, धर्म न विचारता सगळ्या मराठी माणसांच्या जिभेवर आला आहे.

पण नकाशा म्हणून तो चुकीचा होता. मन मेंदूच्या पोकळ्यांत राहत नाही. पोकळ्यांत एक पाण्यासारखा द्रव असतो, त्याला काही आठवत नाही आणि काही दिसत नाही. 'हिस्स मुश्तरक' आणि थॅलॅमस यांच्यात साम्य वाटतं, कारण दोन्हीकडे सगळी इंद्रियं एकत्र येतात. या साम्यावरून इब्न सीनानं थॅलॅमस शोधला असं म्हणणं मात्र इतिहासाला धरून नाही. त्यानं जागा चुकीची सांगितली. त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता: डोळ्यांचं आणि कानांचं वेगवेगळं आलेलं एक होऊन जाणवतं कुठं, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामं आहेत का? या प्रश्नावर पुढची आठशे वर्षं लोक काम करत राहिले.

त्याच परंपरेत डोळ्यांनी पाहून तपासणारेही होते. इब्न अल-हैसमच्या प्रकाशावरच्या ग्रंथाची १०८३ मधली एक प्रत इस्तंबूलमध्ये आहे. तिच्यातल्या आकृतीत दोन डोळे आणि त्यांचे तंतू मध्ये एकत्र आलेले दाखवले आहेत. १२०० च्या सुमारास अब्दुल लतीफ अल-बगदादी हा हकीम इजिप्तमध्ये होता. तिथं मोठा दुष्काळ पडला आणि माणसांच्या हाडांचे ढीग पडले. ती हाडं त्यानं एकेक करून तपासली. गॅलेननं खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता, याला तो एकाच हाडाचा दिसला. गॅलेन कितीही मोठा असला तरी डोळ्यांचा पुरावा त्याहून विश्वासाचा, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं. आपल्याला वारसा सांगायचाच असेल तर तो या वाक्यापासून सांगावा.

दख्खनमध्ये

हे वैद्यक आपल्या मुलखात फारसीतून आलं. १३८६ च्या सुमारास मन्सूर इब्न इल्यास यानं शरीररचनेवर सचित्र फारसी ग्रंथ लिहिला, तो 'तशरीह-ए-मन्सूरी' म्हणून ओळखला जातो. पूर्ण शरीराची रंगीत चित्रं असलेला हा ग्रंथ नकलांमधून दूरवर पोचला आणि हिंदुस्थानातही वाचला गेला. त्यातल्या एका चित्रात मेंदूपासून निघणाऱ्या चेतातंतूंचं जाळं आहे.

नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगरच्या निजामशाहीत एक तरुण वाढला, तो म्हणजे इतिहासकार फरिश्ता. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला. त्याचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे; तो हकीमही होता हे फार जणांना माहीत नसतं. त्यानं 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात इथल्या वैद्यांचं, म्हणजे आयुर्वेदाचं ज्ञान फारसी वाचणाऱ्या हकिमांसाठी मांडलं. बगदादमध्ये जे ग्रीकचं झालं, तेच दख्खनमध्ये संस्कृतचं झालं.

पुढे १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. इथं मृतदेहाचं विच्छेदन करून मेंदू प्रत्यक्ष हातात घेऊन शिकणं सुरू झालं. नंतर याच कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी, तर के.ई.एम.मध्ये डॉ. एडी भरुचा यांनी मज्जाविकारांच्या अभ्यासाला पाया दिला. दोघंही पारशी होते.

हकिमांची परंपराही संपली नाही. नाशिक जिल्ह्यातच मालेगावच्या मन्सुऱ्यात मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे. तिथं युनानीच्या पदवीसाठी 'तशरीह-उल-बदन' आणि 'मुनाफे-उल-आजा', म्हणजे शरीररचना आणि इंद्रियांची कार्यं, हे विषय शिकवले जातात आणि त्यात आजचा थॅलॅमस आणि आजचा कॉर्टेक्स शिकावाच लागतो. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झालं. ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या सगळ्यांच्या परीक्षा हेच विद्यापीठ घेतं. गॅलेन, चरक आणि इब्न सीना यांचे वारस आज नाशिकच्या एकाच विद्यापीठाच्या शिक्क्यानं डॉक्टर होतात.

पोकळीतून सालीकडे

मन पोकळीत नाही, हे कसं कळलं? १५४३ मध्ये व्हेसॅलियसनं लिहिलं की माणसाच्या मेंदूत ज्या पोकळ्या आहेत त्याच जनावरांच्याही मेंदूत दिसतात; मग बुद्धीचं घर पोकळी कशी असेल? १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसनं मेंदूची कामं पोकळ्यांतून काढून मेंदूच्या घट्ट भागाकडे सोपवली. १८२२ मध्ये जर्मनीच्या बुर्दाखनं थॅलॅमसच्या आतले भाग वेगळे दाखवले. १८६५ मध्ये फ्रान्सच्या ल्युईस यानं सांगितलं की संवेदना थॅलॅमसमध्ये येतात आणि तिथून सालीकडे पाठवल्या जातात. त्याचे तपशील बरेचसे चुकले, पण चौकाची कल्पना तिथून पक्की झाली. १८६१ मध्ये ब्रोकानं बोलण्याची जागा सालीत दाखवली होती. १९०९ मध्ये ब्रॉडमननं पेशींच्या रचनेवरून सालीचे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले. ते क्रमांक डॉक्टर आजही वापरतात.

१९०६ मध्ये देजरीन आणि रूसी यांनी एक विचित्र आजार वर्णन केला. थॅलॅमसला रक्त पुरवणारी बारीक नळी बंद पडते. सुरुवातीला शरीराची एक बाजू बधिर होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच बाजूला आग लागल्यासारख्या वेदना सुरू होतात. कातडीवर काहीच नसतं, जखम नसते, सूज नसते. नुसता कपडा लागला तरी माणूस कळवळतो. बिघाड कातडीत नसून चौकात असतो. घरच्यांना मात्र वाटतं की हा नाटक करतो आहे, किंवा कोणी करणी केली आहे. अशा रुग्णाला न्यूरोलॉजिस्टकडे नेलं तर निदान या आजाराला नाव आहे आणि त्यावर औषधं आहेत, हे तरी कळतं. आणि अर्धांगाची पहिली लक्षणं दिसताच, म्हणजे तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोबडी वळणं, साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठलं, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येण्याची शक्यता असते. दमच्या पाण्यासाठी थांबण्यात हे तास निघून जातात.

सरअ, मिरगी, फिट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अरबीत ज्याला 'सरअ' म्हणतात, उर्दूत मिरगी, मराठीत अपस्मार किंवा फेफरं, तो आजार नेमका काय?

१९२९ मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गरनं माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवता येतात हे प्रसिद्ध केलं. आज ज्याला ईईजी म्हणतात ते हेच. १९३५ मध्ये बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना काही मुलांच्या नोंदीत एक ठरावीक खूण दिसली: सेकंदाला तीन वेळा येणारी टोकदार लहर. ही मुलं खाली पडत नाहीत, आचके देत नाहीत. बोलता बोलता काही सेकंद टक लावून पाहतात, हाक मारली तर ओ देत नाहीत आणि मग काही झालंच नाही असं पुन्हा बोलू लागतात. दिवसातून कित्येकदा असं होतं. शाळेत त्यांना लक्ष नसल्याबद्दल मार बसतो, घरी 'असर झाला' म्हणतात.

पुढच्या संशोधनात दिसलं की या वेळी थॅलॅमस आणि कॉर्टेक्स एकमेकांशी नेहमीचं येणं-जाणं सोडून एकाच तालात अडकतात. चौकातले सगळे सिग्नल एकदम लाल, एकदम हिरवे होत राहावेत, तसं. १९८९ मध्ये हेही कळलं की या प्रकारच्या फिट्सवर जुनं असलेलं एथोसक्सिमाइड हे औषध थॅलॅमसमधल्या पेशींच्या एका विशिष्ट विद्युतप्रवाहावर काम करतं. जिथं बिघाड, तिथंच औषध.

हात-पाय झाडणाऱ्या मोठ्या फिट्सची कारणं अनेक असतात. त्यांतलं एक आपल्याकडे गैरसमजानं दुर्लक्षित राहतं. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूच्या सालीत गाठ करतात आणि फिट येते. आपण ते मांस खात नाही, म्हणून आपल्याला हे होणार नाही, असं अनेकांना वाटतं. पण या अळ्या ज्यांतून निघतात ती अंडी मांसातून येत नाहीत. ती न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात. शाकाहारी माणसालाही हे होतं. अशा एकट्या गाठीला पूर्वी क्षयाची गाठ समजलं जायचं. त्यांतल्या बऱ्याच गाठी या कृमीच्या असतात आणि पुष्कळदा औषधांनी व काळानं विरतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या पारशी समाजाच्या पाहणीत हजार माणसांमागे पाचच्या आसपास लोकांना अपस्मार आढळला. हाच हिशेब धरला तर दहा हजार वस्तीच्या मोहल्ल्यात पन्नास माणसं असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण फिटशिवाय जगू शकतात.

आणि आता इब्न सीना काय म्हणतो ते पाहू. 'कानून'मध्ये सरअ हा मेंदूच्या आजारांच्या प्रकरणात आहे. कारण म्हणून तो मेंदूच्या पोकळ्यांत आणि वाटांत आलेला अडथळा सांगतो. आज अडथळ्याची ती कल्पना टिकत नाही. पण आजाराचं घर मेंदू आहे, हे त्यानं गॅलेनप्रमाणेच ठामपणे मांडलं. मेलॅन्कोलियाबद्दल लिहिताना त्यानं जिनचा उल्लेख केला आहे. त्याचा आशय असा: काही वैद्य म्हणतात हा आजार जिनमुळं होतो, वैद्यक शिकताना आम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही, जिनमुळं होत असेल तरी तो शरीरातलं पित्त बिघडवूनच होत असणार, आणि वैद्यानं पाहायचं ते हेच. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याकडच्या एका श्रद्धावान मुसलमानानं श्रद्धेला धक्का न लावता वैद्याचं काम किती स्वच्छ वेगळं केलं होतं!

याउलट आपण काय करतो? फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावतो. वास थॅलॅमसमध्ये न थांबता थेट सालीत जातो हे खरं, पण त्यानं फिट थांबत नाही. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, धरून दाबू नये, घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठावं. दुआ करायला कोणाचीच ना नाही, पण ती औषधासोबत करावी. रमजानमध्ये रोज्यासाठी फिटची गोळी स्वतःच बंद करू नये; आजाऱ्याला कुराणानंच सवलत दिली आहे आणि वेळा बदलून देणं डॉक्टरांना जमतं.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आधारानं चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली. साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण तिथून पळू शकले नाहीत, ते जळून मेले. नातेवाइकांनी त्यांना बरं होण्यासाठी तिथं आणून ठेवलं होतं. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीचा धूर देणं हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा कोणत्याही एका धर्मासाठी नाही. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला गेला, म्हणजे या आजाराच्या नावावर लग्नाला खोट लावण्याची कायदेशीर वाट बंद झाली. समाजाच्या मनातली वाट मात्र उघडीच आहे. मुलीची फिट लपवून लग्न लावलं जातं, मग सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात आणि व्हायचं ते होतं.

इब्न सीनाचं नाव आपण शाळांना देतो, दवाखान्यांना देतो. त्याचा मेंदूचा नकाशा चुकला होता, तो बदलला गेला, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण आजारी माणूस समोर आला की आधी त्याचा मेंदू तपासायचा, ही त्याची शिस्त आजही तितकीच बरोबर आहे. तिच्याकडे पाठ फिरवून त्याच्या नावाचा दिमाख मिरवण्यात अर्थ नाही. घरात कोणी टक लावून हरवत असेल, पडत असेल, अंगाची एक बाजू जळते म्हणत असेल, तर न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या आणि ईईजी करून घ्या. इब्न सीना आज असता तर त्यानं हेच केलं असतं.